ईसीजी नॉर्मल, म्हणून हृदय निर्दोष?

'धावताना मूल बेशुद्ध पडले, पण ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हृदयात दोष नाही. ती आकडीच (फिट) असणार,' असा समज बराच रूढ आहे. कागदावर नॉर्मल दिसले की कोणालाही हायसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तोच कागद जवळून पाहावा. त्यावरची संपूर्ण नोंद सहसा जेमतेम 10 सेकंदांची असते, तीही शांत पडून राहिलेल्या मुलाची. सीपीव्हीटी या हृदयाच्या ठोक्यांच्या दुर्मीळ आनुवंशिक विकारात विश्रांतीच्या वेळचा ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) दोन्ही बहुधा नॉर्मल असतात. श्रमाने किंवा भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढले की मगच हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून अनियमित ठोके उमटू लागतात. म्हणून खेळताना, पोहताना किंवा दचकून मूल बेशुद्ध पडले असेल, तर बालहृदयरोगतज्ज्ञांना ट्रेडमिल चाचणी आणि होल्टरविषयी (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) आवर्जून विचारावे (घरी पळवून पाहण्याचा प्रयोग मात्र मुळीच करू नये). निदान झाल्यास नॅडोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर (अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरील परिणाम रोखणारी औषधे) रोज, न चुकता द्यावे लागतात, गरजेनुसार फ्लेकेनाइड या ठोके नियमित ठेवणाऱ्या औषधाची जोड मिळते, दमछाकीचे व स्पर्धात्मक खेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने टाळावे लागतात आणि आईवडील व भावंडांचीही तपासणी होते.