धरणाच्या पायथ्याशी गढूळ पाणी दिसलं तर

मातीचं धरण पाझरतं. स्वतःच्या जमिनीवर बांध घालून तळं केलेल्या मालकाला हे ऐकून धसका बसेल, पण पाझर हा मुळात दोष नाही. चिकणमाती कितीही दाबून बसवली तरी कणांमध्ये सूक्ष्म पोकळ्या उरतातच आणि त्यांतून पाणी अगदी सावकाश पलीकडे सरकत राहतं. पायथ्याशी कायमची ओल किंवा स्वच्छ पाण्याची एखादी बारीक धार घेऊन कितीतरी धरणं वर्षानुवर्षं उभी आहेत. त्या पाण्याला मातीचा रंग आला की मात्र लगेच हालचाल करायला हवी, कारण तेव्हा धरणाच्या पोटातली माती पाण्याबरोबर बाहेर पडत असते.

ही झीज उलट्या दिशेनं चालते. पायथ्याशी, जिथं पाणी बाहेर पडतं, तिथले कण आधी सुटतात. तिथं छोटी पोकळी होते, ती तळ्याच्या बाजूला आत आत सरकत जाते. पोकळी जितकी आत जाईल तितकी पाण्याची उरलेली वाट आखूड होते. दाब तेवढाच, अंतर कमी, म्हणून वेग वाढतो आणि वाढलेला वेग आणखी माती उचलतो. अभियंते याला ‘पाइपिंग’ म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला बराच काळ फक्त एक ओला डाग दिसतो. पोकळी तळ्याला जाऊन भिडली की उरलेला वेळ तासांत मोजायचा असतो. अमेरिकेतलं टेटन धरण काही लहान नव्हतं, उंची 90 मीटरच्या वर आणि मालकी सरकारी. पण तिथं हा प्रकार दिवसाउजेडी, लोकांच्या डोळ्यांदेखत घडला. 5 जून 1976 रोजी सकाळी गढूळ पाझर दिसला आणि दुपारचे बारा वाजण्याआधी धरण फुटलं. तळं तेव्हा पहिल्यांदाच भरत होतं. नव्या धरणाचं पहिलं भरणं हा सर्वांत नाजूक काळ असतो, आणि खासगी धरणावर नेमकं त्याच वेळी कुणी पहाऱ्याला नसतं.

काही माती या झिजेला जास्तच बळी पडते. सोडियमचं प्रमाण अधिक असलेल्या चिकणमातीचे कण साध्या स्थिर पाण्यातही एकमेकांना सोडून देतात, वाहत्या पाण्याची गरजच लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या शेतांवरची अनेक छोटी धरणं अशा मातीमुळे गेली. ती ओळखायची प्राथमिक चाचणी कुणालाही करता येते. मातीचा छोटा खडा ऊर्ध्वपातित पाण्याच्या भांड्यात हलकेच सोडायचा आणि न ढवळता पाहत राहायचं. खड्याभोवती दुधट ढग पसरू लागला, तर त्या मातीवर प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय धरण बांधू नये.

पाण्याला आयती वाट माणूसही करून देतो. भरावातून नेलेल्या पाइपच्या खालच्या अंगाला माती नीट दाबली जात नाही, आणि पाणी पाइपच्या कडेकडेनं वाट काढतं. उतारावर वाढलेलं झाड बांध धरून ठेवतं असा गोड गैरसमज आहे. झाड वाळलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात, वादळात उन्मळलं तर भरावाचा मोठा लचका घेऊन जातं. म्हणून बांधावर गवत हवं आणि तेही आखूड, म्हणजे बिळं, भेगा आणि ओल लपत नाहीत.

दुसरा मोठा धोका वरून येतो. जगभर फुटलेल्या मातीच्या धरणांपैकी साधारण निम्मी माथ्यावरून पाणी वाहिल्यामुळे फुटली आहेत. काँक्रीट असा प्रवाह काही काळ सोसू शकतं, पण मातीच्या उतारावर पाणी धावू लागलं की पायथ्यापासून माथ्याकडे घळ पडत जाते. ते टाळण्यासाठीच सांडवा असतो. मासे निसटू नयेत म्हणून त्याला जाळी लावणं, साठा वाढावा म्हणून त्यात भर घालणं, हे मला सर्वांत धोकादायक ‘सुधारकाम’ वाटतं. पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण एका खासगी क्लबचं होतं. सांडव्यावर माशांसाठी जाळ्या होत्या, घोडागाड्यांसाठी माथा थोडा खाली आणला होता, आणि तळाचे विसर्ग पाइप आधीच्या मालकाच्या काळातच काढून टाकलेले होते. 31 मे 1889 रोजी ते फुटलं आणि 2,200 च्या आसपास माणसं गेली.

धरण लहान म्हणून धोका लहान, हा हिशेब चुकीचा आहे. भिंतीवरचा दाब तळ्याच्या पसाऱ्यावर नाही, खोलीवर ठरतो: 10 मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे 10 टन. एक हेक्टर तळ्यात सरासरी तीन मीटर पाणी असेल, तर ते 30,000 टन भरतं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण जेमतेम 12 मीटर उंच होतं, खाली असलेल्या महाविद्यालयाच्याच मालकीचं. वीजनिर्मिती बंद पडल्यावर तळं फक्त विरंगुळ्यापुरतं उरलं होतं. 6 नोव्हेंबर 1977 च्या पहाटे, मुसळधार पावसानंतर ते फुटलं आणि 39 जणांचा जीव गेला. त्यानंतर अमेरिकेत वस्तीच्या वरच्या अंगाला असलेली सुमारे 9,000 धरणं तपासली, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित निघाली. बहुतेकांची खोट एकच होती, सांडवा अपुरा. केनियात सोलाई इथलं एका शेतमळ्याचं खासगी धरण 9 मे 2018 च्या रात्री फुटलं, तेव्हाही चाळीसहून अधिक लोक मेले.

म्हणून मालकानं दर पंधरवड्याला, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर, पायथा चालून पाहावा. पाझराची धार एका बादलीत धरून ती किती सेकंदांत भरते ते वहीत लिहावं, शेजारी तळ्याची पातळीही नोंदवावी. पातळी तीच असताना पाझर वाढला, तर आत काहीतरी बदललं आहे.

आणि पाणी गढूळ दिसलंच, तर आधी खाली राहणाऱ्यांना कळवायचं, मग अभियंत्याला. तोंड चिकणमातीनं बुजवण्याचा मोह होतो, पण तसं केलं की पाणी आत कोंडतं, दाब वाढतो आणि ते दुसरीकडून फुटतं. तिथं आधी वाळू, तिच्यावर खडी, वर दगड असे थर टाकतात. पाणी त्यातून निघून जातं, माती अडते. सोबत तळ्याची पातळी उतरवायची. धरण फुटण्याच्या बेतात नसेल, तर हे दिवसाला साधारण 30 सेंटीमीटरच्या हिशेबानंच करावं. पाणी झपाट्यानं उपसलं, तर समोरचा आधार जातो पण भराव आतून भिजलेलाच राहतो, आणि पाण्याकडचा उतार तळ्यात घसरतो.