अर्थव्यवस्था

माल आणि सेवा कशा निर्माण होतात, कोणाकडे जातात आणि त्यांचा मोबदला कोणाच्या हाती पडतो, या साऱ्या व्यवहाराला अर्थव्यवस्था म्हणतात. पैसा हे तिचे साधन. बलुतेदारीत लोहार वर्षभर औतफाटा नीट करून देई आणि सुगीत खळ्यावरून धान्य नेई. त्या अर्थव्यवस्थेत नाणे क्वचितच लागे. शिवाय नाणेही बदलते. निजामी राजवटीत मराठवाड्यात हाली सिक्का चाले. ७ हाली म्हणजे साधारण ६ कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातले रुपये. १९४८ मध्ये राजवट गेली, हाली मात्र १९५९ पर्यंत टिकला.

हा व्यवहार उघड्यावर पाहायचा तर दिवाळीच्या आगेमागे मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात जावे. शेतकरी आडत्याच्या, म्हणजे दलालाच्या दुकानापुढे सोयाबीनचे कट्टे उतरवतो. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून ओलावा जोखतो, मग बोली लागते. वजन होऊन, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी पडते. समजा, १० क्विंटलचे ४२,००० रुपये आले. त्यातून खत-बियाण्याची उधारी फिटते, मळणीयंत्रवाल्याचे पैसे जातात, उरलेल्यात लेकरांचे कपडे. खर्च एकाचा, मिळकत दुसऱ्याची. म्हणून पावसाने ओढ दिली की कापडवालाही आभाळाकडे बघतो.

देशाचे उत्पादन मोजताना याच मालाची दोनदा गणती होऊ द्यायची नसते. गिरणीने त्या सोयाबीनचे तेल आणि पेंड ५०,००० ला विकली, तर हिशेबात ९२,००० धरत नाहीत. शेतकऱ्याच्या ४२,००० वर गिरणीने घातलेली भर ८,०००, एवढीच मिळवतात. या मोजणीत एक मोठे भोक आहे. खानावळीतली भाकरी उत्पन्नात धरली जाते, घरच्या चुलीवरची नाही.

भाव मागणी-पुरवठ्याने ठरतो, असे पुस्तकात असते. मोंढ्यातल्या माणसाला ते अर्धेच पटेल. सोयाबीनचा भाव बाहेरून येणाऱ्या पामतेलावर आणि दिल्लीतल्या आयात शुल्कावरही हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क २० टक्के झाले, मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आले. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात सौदे त्याच्या खाली होत होते. हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चाले. त्या वर्षी तो १५ पर्यंत चालवून घेण्यात आला. पण उधारीवाला दारात उभा असताना माल वाळवत बसायला सवड कोणाला?

जालन्याच्या सळईचे कारखाने, वाळूजची औद्योगिक वसाहत, वसमतची हळद हेही याच साखळीचे दुवे आहेत. पतपुरवठ्याचे सर्वांत उघडे रूप मात्र बीडकडच्या ऊसतोडीत दिसते. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, हंगामाआधी उचल देतो आणि नवरा-बायकोच्या जोडीची एक ‘कोयता’ म्हणून नोंद करतो. हे कर्जच, पण त्याला जमीन तारण लागत नाही. तारण राहते ते पुढच्या काही महिन्यांचे अंगमेहनतीचे काम. टनामागे ठरलेल्या दराच्या मजुरीतून उचल कापली जाते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचे गाळप संपेपर्यंत, उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.