खेळाच्या तासाची घडण : कवायत, आखाडा आणि चेंडूफेक

पाचवी-सहावीच्या वर्गाला चेंडू लांब फेकायला सांगा. उजव्या हाताने फेकणारी बरीच मुलं उजवाच पाय पुढे टाकताना दिसतील. कंबर वळत नाही, सगळा जोर खांद्यातून येतो आणि चेंडू पंधरा पावलांवर पडतो. या मुलांच्या अंगात ताकद असते. चेंडू कसा फेकायचा हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असूनही असं का होतं, हे कळायला तो तास कशातून घडला हे पाहावं लागतं.

पेर हेन्रिक लिंग यांनी 1813 मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था काढली. हुकमावर सगळ्यांनी एकाच वेळी करायच्या हालचाली, हे त्यांच्या पद्धतीचं अंग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत रुजली. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात भरतीला आलेल्या तरुणांची तब्येत पाहून तिथलं सरकार हादरलं आणि 1902 मध्ये थेट सैन्याच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम शाळांना दिला गेला. लहान मुलांना सैनिकांची कवायत कशाला, अशी टीका झाली आणि 1904 मध्ये नवा अभ्यासक्रम आला. तरी रांग, हुकूम आणि आकडे राहिलेच. याचं कारण अगदी व्यावहारिक होतं: साठ मुलं, लहानसं पटांगण, एक शिक्षक आणि साहित्य शून्य, एवढ्यात कवायतच होऊ शकते. इंग्रजी अमलात आपल्या शाळांत ती याच सोयीमुळे टिकली.

त्याच काळात शाळेबाहेर वेगळं काही चाललं होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा उभं केलं. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर 1914 मध्ये खो-खोचे नियम लिहिले गेले. त्याच वर्षी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं, आणि 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. मुंबई प्रांतात पहिलं काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली गेली आणि 1938 मध्ये कांदिवलीला शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था उघडली. देशी खेळ शाळेच्या दारात आले ते या वाटेने.

त्या खेळांत शरीराच्या कौशल्याचा केवढा साठा होता, हे खो-खोवरून दिसतं. आठ जण एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. पाठीवर थाप आणि ‘खो’ मिळताच बसलेल्याने उठून एक दिशा धरायची, मग ती बदलता येत नाही. नवखं मूल इथे हमखास चुकतं: आधी सरळ उभं राहतं, मग धावतं. तेवढ्यात पळणारा बसलेले दोन जण ओलांडून गेलेला असतो. बरोबर उठणी अशी: हातांची बोटं जमिनीला टेकलेली, वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर, पहिलं पाऊल टाकताना धड वाकलेलंच, आणि शरीर तिसऱ्या-चौथ्या पावलाला सरळ होतं. यात झटकन सुरुवात, तोल आणि दिशेचा निर्णय एकाच वेळी घोटला जातो. हाताच्या कवायतीत यातलं काहीच नाही.

स्वातंत्र्यानंतर पारडं पुन्हा शिस्तीकडे झुकलं. आझाद हिंद सेनेतून आलेले, मूळचे सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकाराने 1954 मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली. अशा वेगवेगळ्या योजनांचा घोळ निस्तरण्यासाठी 1959 मध्ये कुंझरू समिती नेमावी लागली. फाळणीच्या आणि निर्वासितांच्या त्या वर्षांत मुलांना सावरणारं काहीतरी हवं होतं, हे खरं. पण संचलन चांगलं झालं की शारीरिक शिक्षण झालं, ही समजूत तेव्हापासून घट्ट बसली, आणि तिने मुलांचं मोठं नुकसान केलं आहे.

संशोधन मात्र पुढे जात होतं. अमेरिकेत मोनिका वाइल्ड यांनी 1938 मध्येच मुलांच्या फेकीचे चार टप्पे मांडले: आधी नुसता हात हलतो; मग धड वळतं; मग पाऊल पडतं, पण फेकणाऱ्या हाताच्याच बाजूचं; आणि साधारण साडेसहा वर्षांनंतर विरुद्ध पाय पुढे येतो. आपल्या पाचवीतली कित्येक मुलं तिसऱ्याच टप्प्यावर थांबलेली असतात. व्हर्न सीफेल्ट यांनी 1980 मध्ये सांगितलं की धावणं, उडी, फेक, झेल यांचा पाया कच्चा राहिला की पुढचे खेळ शिकताना मूल अडतं. डेल उलरिक यांची 1985 ची चाचणी तर तीन ते दहा वर्षांच्या मुलांची फेक किंवा उडी किती लांब गेली यापेक्षा हालचाल कशी झाली, हे तपासते. वय वाढलं की हे आपोआप येतं, या समजुतीला यानंतर आधार उरला नाही.

वर्गात करायचं काम तसं थोडं आहे. भिंतीपासून सहा-सात मीटरवर खडूची रेघ मारावी आणि मुलाला डावा खांदा भिंतीकडे करून उभं करावं (डावखुऱ्यांना उलट). डाव्या पायासाठी पुढे एक चौकोन आखावा आणि ‘भिंतीवर जोरात आपट’ एवढंच सांगावं. नेम मागू नये. जवळच्या लक्ष्यावर नेम धरायला लावलं की मुलं पाऊल आणि कंबर दोन्ही आवरतात आणि नुसत्या हाताने चेंडू ढकलतात. लगोरीत हेच होतं, म्हणून तिथे फेकीची रेघ मागे घ्यावी.

दुसरी अडचण चेंडूंची. पन्नास मुलं, एक चेंडू, हजेरी-रांग वगळून पंचवीस मिनिटं आणि एका फेकीला पंधरा सेकंद धरले, तर प्रत्येकाला दोन फेकी मिळतात. जुन्या मोज्यांत चिंध्या भरून पंचवीस चेंडू केले आणि जोड्या लावल्या, तर त्याच वेळात पन्नास. मुली मागे पडतात त्यातही सरावाच्या या वाट्याचा मोठा हात आहे. मैदानावरचा एकुलता चेंडू बहुधा मुलग्यांकडेच असतो.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटासाठी रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आणि खेळसाहित्य बंधनकारक केलं. शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद मात्र सहावी ते आठवीपुरती आहे, तीही पट शंभरावर असेल तरच. फेक, झेल, उडी पक्की होण्याचं वय पहिली ते पाचवीचं. तिथे असा निदेशक नाही. हा तास बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकच घेतात, आणि शिक्षक होण्यासाठीच्या डी.एल.एड. (पूर्वीच्या डी.एड.) अभ्यासक्रमात त्यांना ही फेक शिकवायला कितपत शिकवलं जातं, हा प्रश्न कोणी विचारत नाही.