अंदमानात ‘मेलेलं प्रवाळ उचललं तर चालतं’? नाही!

‘जिवंत प्रवाळ तोडायचं नाही, किनाऱ्यावर वाहून आलेलं घ्यायला हरकत नाही,’ हा सल्ला अंदमानला जाणाऱ्यांना वर्षानुवर्षं मिळतो. तो चुकीचा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाच्या बाबतीत जिवंत-मृत असा भेद नाही. प्रवाळ हा समुद्री प्राणी आहे, त्यामुळे त्याचा सांगाडा किंवा तुकडाही प्राण्याचाच भाग मानला जातो.

पकडलं जातं ते बहुधा परतीच्या विमानतळावर. प्रवाळ म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे क्ष-किरण तपासणीत तो दगडासारखा ठळक उठून दिसतो. कपड्यांत गुंडाळून काही साधत नाही. मुलांच्या बादल्या आणि सँडलच्या पिशव्या मात्र बॅग भरण्याआधी, किनाऱ्यावरच रिकाम्या करा.

शंखांचं काय? काही जाती संरक्षित आहेत आणि त्या ओळखणं पर्यटकाचं काम नव्हे, म्हणून वेचूच नका. शिवाय रिकामा वाटणारा शंख बऱ्याचदा खेकड्याचं घर असतो. सपाट वाळूवर ठेवून दोन-तीन मिनिटं लांबून पाहा, चालू लागेल! शोभेची वस्तू हवीच असेल तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती हातसामानात ठेवा. रस्त्यावरच्या टोपलीतला स्वस्त शंख पावतीविना महागात पडतो.