वरचं अन्न आणि सहा महिन्यांचा घोळ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य डॉक्टर बाळाला वर्षभर घन अन्न नको म्हणत. पन्नाशीच्या दशकात तिथेच काही आठवड्यांच्या बाळाच्या तोंडी चमचा लागू लागला होता. डबाबंद बालआहार विकणाऱ्यांना ते सोयीचंच होतं. चमच्यातलं जिभेनं बाहेर ढकलण्याची बाळाची उपजत सवय सुटलेली नसते, याकडे कोण बघतो! सत्तरीनंतर ‘चार ते सहा महिने’ हा आकडा रुळला आणि २००१ मध्ये जागतिक पातळीवर तो ‘सहा महिने’ झाला.

मराठीत इथे घोळ होतो. ‘सहाव्या महिन्यात सुरू करा’ असं सर्रास म्हणतात. पण सहावा लागतो तेव्हा पाचच भरलेले असतात. शिफारस सहा पूर्ण झाल्यावरची, म्हणजे १८० दिवसांची आहे. ‘दूध तोडणं’ हाही फसवा शब्द. वरचं सुरू करताना अंगावरचं तोडायचं नसतं, ते दोन वर्षं आणि पुढेही चालतं.

खरी गल्लत झाली ती ॲलर्जीपायी. २००० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी धोका असलेल्या बाळांसाठी मुदतीच ठरवून दिल्या: दूधदुभतं वर्षानंतर, अंडं दोन वर्षांनंतर, शेंगदाणे आणि मासे तीन वर्षांनंतर. पुरावा तुटपुंजा होता, ‘सावध राहिलेलं बरं’ एवढाच आधार. घरोघरी मात्र तो सल्ला नियमासारखा पाळला गेला. २००८ मध्ये तो मागे घेतला. त्याच वर्षी दिसून आलं की शेंगदाणा लवकर खाणाऱ्या इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत त्याची ॲलर्जी सुमारे दहापट आहे. मग तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं निवडली. निम्म्यांना आठवड्यातून निदान तीनदा शेंगदाणा दिला (अख्खा दाणा नव्हे, घशात अडकतो), निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत वर्ज्य. २०१५ मध्ये निकाल आला. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत काही न उमटलेल्या मुलांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्या १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत फक्त १.९ टक्के.

त्यावरून २०१७ मध्ये अशा जोखमीच्या बाळांना आधी तपासणी करून चार ते सहा महिन्यांतच शेंगदाणा द्यावा, असं अमेरिकेत ठरलं. जागतिक शिफारस २०२३ मध्येही सहा महिन्यांवरच ठाम राहिली. दोन्ही सल्ले आज एकाच दवाखान्यात ऐकू येतात.