थंड पाण्याच्या जारचा मॅश टन करून घ्यायचाय? आधी हे वाचा

लग्नात, हॉलवर, ऑफिसात जो वीस लिटरचा थंड पाण्याचा जार येतो ना, तोच जार गरम ठेवायच्या कामाला पण तेवढाच चालतो. दोन भिंतींच्या मधे जो पफ, म्हणजे कडक फोम, भरलेला असतो तो फक्त उष्णता इकडची तिकडं जाऊ देत नाही, आत बर्फाचं पाणी आहे का सत्तर डिग्रीचं, त्याला काय फरक पडत नाही. म्हणूनच बाहेरच्या देशात घरी बिअर करणारे लोक कूलरचाच मॅश टन करतात, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू (माल्ट) गरम पाण्यात भिजत ठेवायचं भांडं. आमचं सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, जारचा प्लास्टिकचा नळ काढून त्याजागी स्टीलचा व्हॉल्व्ह आणि आत जाळी बसवून द्यायचं काम आम्ही करतो.

सगळ्यात आधी कायद्याचं, कारण फोनवर पहिला प्रश्न हाच असतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि लायसन नसताना बिअर बनवणं हा गुन्हा आहे, घरच्यापुरती केली तरी. इंग्लंडात १९६३ पासून घरच्या बिअरला लायसन लागत नाही, अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं मोकळीक मिळाली, तिकडचे व्हिडिओ बघून लोकांना वाटतं आपल्याकडंपण चालतंय. नाही चालत. मॅश टनमधे तयार होतो तो माल्टचा नुसता गोड रस, त्यात दारूचा अंश नसतो, तो आटवून पाक करा, दुधात घाला, काय अडचण नाही. पुढं यीस्ट घालून आंबवायचं असेल तर लायसन तुमच्याकडं पाहिजे. मायक्रोब्रुअरीत ट्रायल बॅच काढणारे आणि फूड टेक्नॉलॉजीची पोरंपोरी यांना हे माहीत असतंच, बाकीच्यांनी नीट समजून घ्या.

आता आत नेमकं काय होतं ते. सातूला मोड आणून वाळवला की माल्ट, त्यात स्टार्च असतो आणि त्या स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्सपण त्यातच असतात. ६५ ते ६८ डिग्रीला तासभर ओलं ठेवलं की ती आपलं काम करतात. ६३-६४ ला ठेवलं तर आंबणारी साखर जास्त निघते आणि बिअर हलकी, कोरडी होते, ६९-७० ला ठेवलं तर न आंबणारे भाग जास्त राहतात आणि बिअर तोंडाला जड लागते. म्हणजे पाच-सहा डिग्रीत सगळा खेळ आहे. गॅसवर पातेलं ठेवून हे सांभाळायला तासभर डोळ्यात तेल घालून उभं राहावं लागतं, खाली करपतं आणि वर गार राहतं. चांगल्या जारमधे तासाला एखाद-दोन डिग्रीच उतरते, झाकण लावायचं आणि दुसरी कामं करायची.

पण जार चांगला पाहिजे, इथंच लोक फसतात. आतलं प्लास्टिक फूड ग्रेड आहे का बघा, तळाला ग्लास आणि काट्याची खूण असते. स्वस्तातल्या काही जारमधे मधे नुसती हवा असते, पफ नसतो, बोटानं वाजवून बघितलं की पोकळ आवाज येतो. असला जार आम्ही घेत नाही, परत पाठवतो, कारण तो गरम पाण्यानं फुगतो आणि तापमानही धरत नाही. थर्माकोलची पेटी तर आणूच नका. झाकण बऱ्याचदा पोकळ निघतं आणि खरी उष्णता तिथनंच जाते, ते आम्ही फोम भरून देतो.

व्हॉल्व्ह अर्धा इंची, ३०४ स्टीलचा, थ्री-पीस. थ्री-पीसच का, तर बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यामागं रस अडकून राहतो आणि दोन दिवसात आंबट वास मारायला लागतो, थ्री-पीस असला की चार बोल्ट काढून आतनं धुता येतो. ऑनलाइन अमेरिकेचं किट मागवून नुसतं फिटिंग करायला आणणारेपण आहेत, त्यांना एक सांगणं आहे. तिकडचे आटे एनपीटी, आपल्या बाजारातले बीएसपी. अर्ध्या इंचात दोन्हीला इंचाला १४ च आटे, त्यामुळं हातानं फिरवलं की बसल्यासारखं वाटतं, पण आट्याचा कोन एकाचा ६० अंश नि दुसऱ्याचा ५५, त्यात एनपीटी निमुळतं असतं, मग टेफ्लॉन कितीही गुंडाळा, गरम पाणी भरलं की थेंब सुरू. सगळं एकाच जातीचं घ्या.

भोक नळाच्याच जागी मोठं करतो. आत-बाहेर दोन्हीकडं सिलिकॉनचं वायसर आणि चेकनट, रबरी वायसर नाही, ते गरम पाण्यात वास सोडतं. भिंतीच्या मधल्या पफला पाणी लागू नये म्हणून भोकात स्टीलची नळी घालून कडा सील करतो. ही पायरी घरी करणारे सोडून देतात आणि मग पफमधे रस मुरतो, तो काढता येत नाही, जार गेलाच समजा. चेकनट पान्यानं करकचून आवळू नका, प्लास्टिक दबतं, हातानं घट्ट करून वर पाव फेरा बास.

आत जाळीसाठी दोन पर्याय आहेत. एक म्हणजे भोकं पाडलेली गोल स्टीलची प्लेट, फॉल्स बॉटम म्हणतात ती. दुसरा स्वस्तातला, गीझरच्या कनेक्शन पाइपवरची विणलेली जाळी, आतलं रबर ओढून काढायचं आणि एक टोक दुमडून बंद करायचं. ही जाळी खरंच स्टीलची पाहिजे, अल्युमिनियमची वायर किंवा नायलॉन विणलेले पाइप पण दुकानात दिसायला सारखेच असतात. आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा जाळीच घ्या, कामाची गोडी लागली तर प्लेट नंतर बसते.

माल्ट दळायचं म्हणाल तर पिठाच्या गिरणीत नेहमीसारखं दळून आणू नका. दाणा फुटला पाहिजे पण साल अख्खी राहिली पाहिजे, लापशीच्या रव्यासारखी भरड. सालच गाळणीचं काम करते, पीठ झालं की जाळीवर चिखल बसतो आणि व्हॉल्व्ह उघडून बसलं तरी थेंब येत नाही. तसं झालंच तर व्हॉल्व्ह बंद करा, हलक्या हातानं ढवळा, दहा मिनिटं बसू द्या, मग अगदी बारीक धार सोडा. मूठ-दोन मूठ स्वच्छ धुतलेलं भाताचं तूस आधीच मिसळलं तर ही वेळ सहसा येत नाही.

वीस लिटरच्या जारला ४ किलो माल्ट आणि १२ लिटर पाणी बरं पडतं, दोन्ही मिळून १५ लिटरच्या आसपास जागा घेतात. आधी जारमधे उकळतं नाही पण चांगलं गरम पाणी भरून दहा मिनिटं ठेवा आणि ओतून टाका, नाहीतर जारच पहिली उष्णता पिऊन घेतो. माल्ट २७ डिग्रीचं असेल आणि ६७ वर आणायचं असेल तर पाणी साधारण ७२.५ चं लागतं. मे महिन्यात सांगलीत पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं माल्ट ३८ ला गेलेलं असतं, तेव्हा ७१ पुरतं. माल्ट थोडं थोडं घालत ढवळा, कोरडी गोळी राहू देऊ नका.

थर्मामीटर तपासून घ्या. किसलेल्या बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवलं पाहिजे, आणि उकळत्या पाण्यात सांगलीला ९८ च्या आसपास, साताऱ्याला त्याहून थोडं कमी, महाबळेश्वरात ९५-९६. शंभर दाखवत नाही म्हणून थर्मामीटर खराब आहे असं नाही, आपण समुद्रसपाटीपासनं उंचावर आहोत.

तास झाला की बशीत चमचाभर नितळ रस घ्या आणि मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन एक थेंब टाका. काळानिळा झाला तर स्टार्च बाकी आहे, अजून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, तपकिरीच राहिला तर झालं. सालीचा तुकडा आला तर तो काळा पडणारच, तो धरू नका, आणि बशीतला रस टाकून द्या. मग पहिला एक-दोन लिटर गढूळ रस भांड्यात काढून वरनं अलगद परत ओता, नितळ यायला लागला की गोळा करा. ४ किलो माल्ट चारेक लिटर पाणी धरून ठेवतं, म्हणून पहिल्यांदा ८ लिटरच निघतील, त्यानंतर आतला चोथा ७५ डिग्रीच्या पाण्यानं धुऊन घ्या, ७८ च्या वर नको, सालीचा तुरटपणा उतरतो.

ज्वारीचं माल्ट वापरायचंय का, असं जत-आटपाडीकडनं आणि माण-खटावकडनं हमखास विचारतात. चालतं, पण सरळ नाही. ज्वारीचा स्टार्च सातूपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, ६७ ला तो कच्चाच राहतो. ज्वारी आधी वेगळी शिजवून घ्या, मग गार करत ६७ वर आणा आणि त्यात सातूचं माल्ट घाला.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याचा औषधासारखा वास पुढं रसाला येतो, पाणी आदल्या दिवशी उकळून उघडं ठेवा. बोअरचं जड पाणी असेल तर निम्मं आरओचं मिसळा.

उरलेला चोथा त्याच दिवशी म्हशीला घाला, दुसऱ्या दिवशी तो आंबतो. जार लगेच धुवा, घासायला काथ्या नको, आतल्या प्लास्टिकला ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते.

जार आणताना झाकणासकट आणा, जुना नळ काढू नका, त्यावरनंच आम्हाला भिंतीची जाडी कळते. व्हॉल्व्ह बसवल्यावर तुमच्यासमोर ७५ डिग्रीचं पाणी तासभर भरून ठेवतो, गळती नाही बघूनच न्या.