उन्हाळ्यातली संघबांधणी आणि जूनमधला चषक: एनबीएचं गणित

२७ सप्टेंबर २०२३ रोजी मिलवॉकी बक्सने डेमियन लिलार्डला संघात घेतलं. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या सर्वांत धोकादायक नेमबाजांपैकी एक आता यानिस अँटेटोकुम्पोच्या जोडीला येणार होता. या सौद्यात बक्सने ड्रू हॉलिडेला पोर्टलंडला देऊन टाकलं. चारच दिवसांनी पोर्टलंडने त्याला बोस्टन सेल्टिक्सकडे धाडलं. लिलार्ड आणि हॉलिडे दोघंही तेव्हा ३३ वर्षांचे. त्या मोसमात बक्सचे विजय ५८ वरून ४९ वर आले आणि प्लेऑफच्या, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद मालिकांच्या, पहिल्याच फेरीत इंडियानाने त्यांना ४-२ असं घरी पाठवलं. बोस्टन ५७ वरून ६४ वर गेलं आणि प्लेऑफमध्ये १९ पैकी १६ सामने जिंकून विजेतं ठरलं.

या फरकात नशिबाचाही वाटा होता, कारण इंडियानाविरुद्धच्या मालिकेत पोटरीच्या दुखापतीमुळे यानिस एकही सामना खेळला नाही. पण बक्सचा बचाव त्याआधीच ढासळला होता. आदल्या मोसमात लीगमधल्या पहिल्या पाचांत असलेला हा संघ बचावात मधल्या रांगेच्याही खाली गेला. लिलार्ड गुण घेऊन आला, पण समोरच्या संघाच्या मुख्य गार्डला, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूला, अडवण्याचं रोजचं काम करणारा हॉलिडे निघून गेला. उन्हाळ्यातल्या कुठल्याही सौद्याकडे बघताना कोण आला याइतकंच कोण गेला आणि त्याचं काम आता कोण करणार हे बघावं लागतं.

हे आकड्यांत मांडता येतं. बास्केटबॉलमध्ये चेंडूचा ताबा आलटून पालटून दोन्ही संघांकडे जातो आणि ४८ मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाला जवळपास १०० ताबे मिळतात. म्हणून खेळाडूचं मोल १०० ताब्यांमागे किती गुणांचा फरक पडतो यावर मोजतात. समजा, नवा खेळाडू सरासरी खेळाडूपेक्षा ४ गुणांनी सरस आहे आणि तो एका सरासरी खेळाडूच्या जागी येतो. रोज ३४ मिनिटं खेळला, तर संघाचा फायदा ४ गुणिले ३४ भागिले ४८, म्हणजे सामन्यामागे सुमारे २.८ गुण. ८२ सामन्यांच्या मोसमात सरासरी गुणफरक एकाने वाढला की साधारण २.७ विजय वाढतात, हे लीगच्या आकडेवारीतून दिसलेलं प्रमाण आहे. म्हणजे हा एक खेळाडू सात-आठ विजयांचा.

हाच हिशेब राखीव खेळाडूला लावून बघा. नववा-दहावा खेळाडू बदलून २ गुणांनी सरस माणूस आणला आणि तो १४ मिनिटं खेळला, तर फायदा ०.६ गुणांचा, दीड विजयाच्या आसपास. पण प्लेऑफमध्ये प्रशिक्षक दहाऐवजी आठच जण वापरतात आणि मुख्य खेळाडूंची मिनिटं ३८-४० पर्यंत जातात. त्यामुळे पहिल्या खेळाडूचा फायदा २.८ वरून ३.३ वर जातो, तर दहाव्याचा जवळजवळ शून्यावर येतो. नियमित मोसमात ५० विजय मिळवणारा, राखीव फळी भक्कम असलेला संघ मे महिन्यात अचानक सामान्य वाटतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

आता मालिकेकडे वळू. प्लेऑफच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सातपैकी चार विजयांची. एका सामन्याचा निकाल अपेक्षित गुणफरकाच्या दोन्ही बाजूंना सुमारे १२-१३ गुणांनी हेलकावतो, म्हणून तोडीस तोड प्रतिस्पर्ध्यापेक्षा ३ गुणांनी सरस असणं म्हणजे एका सामन्यात जिंकण्याची शक्यता ५० वरून जेमतेम ६० टक्क्यांवर जाणं. हे फार वाटत नाही. पण ६० टक्के शक्यता असलेला संघ सात सामन्यांची मालिका ७१ टक्के वेळा जिंकतो, आणि ६५ टक्केवाला ८० टक्के वेळा. अशा चार मालिका सलग जिंकायच्या म्हटलं, तर ५५ टक्केवाल्याला चषकाची संधी १४ टक्के, ६० टक्केवाल्याला २५, आणि ६५ टक्केवाल्याला ४१. प्रत्यक्षात प्रत्येक फेरीतला प्रतिस्पर्धी वेगळ्या ताकदीचा असतो, घरच्या मैदानाचे दोन-तीन गुणही असतात, तरी आलेखाचा आकार हाच राहतो. आधीच वर असलेल्या संघासाठी प्रत्येक नवा गुण अधिक मोलाचा ठरतो. मधल्या संघाने उन्हाळ्यात दोन गुण कमावले तर तो फार तर दुसऱ्या फेरीपर्यंत जाईल. तेच दोन गुण दावेदाराच्या पदरात पडले तर चषकाची शक्यता जवळपास दुप्पट होऊ शकते. म्हणून वरचे संघ एकेका खेळाडूसाठी चार-पाच पहिल्या फेरीचे ड्राफ्ट हक्क, म्हणजे येत्या वर्षांत नवोदित खेळाडू निवडण्याचे हक्क, देऊन टाकतात, आणि माझ्या मते तो वेडेपणा नसतो.

ही बेरीज मात्र सरळ होत नाही. चेंडू एकच असतो. संघाच्या १०० ताब्यांपैकी प्रत्येकी ३० ताबे नेम मारून किंवा चेंडू गमावून स्वतः संपवणारे तीन खेळाडू एकत्र आणले, तरी उरलेल्या दोघांसाठी १०च उरतात, मग प्रत्येकाला आपलं काम थोडं आवरावं लागतं आणि कागदावरचे गुण गळतात. दुसरी गोष्ट प्लेऑफपुरती खास आहे. समोरचा संघ आठवडाभर तुमचीच चित्रफीत बघतो. पाचांतला सर्वांत दुबळा बचावपटू शोधतो, तो ज्याला अडवतोय त्या आपल्या खेळाडूला स्क्रीन लावायला, म्हणजे रक्षकाची वाट अडवायला, सांगून त्याला मुद्दाम चेंडूसमोर ओढतो, आणि पुन्हा पुन्हा तेच करतो. आक्रमणातही तसंच: ज्याचा लांबचा नेम कच्चा, त्याला मोकळा सोडून त्याचा रक्षक बास्केटखाली जाऊन उभा राहतो.

ओक्लाहोमा सिटी थंडरने २०२४ मध्ये हे भोगलं. ५७ विजय मिळवून पश्चिम विभागात ते अव्वल होते, पण दुसऱ्या फेरीत डॅलसने जॉश गिडीला मोकळा सोडायला सुरुवात केली आणि मालिकेच्या अखेरीस त्याला सुरुवातीच्या पाचांतून काढावं लागलं. थंडर ४-२ ने हरले. जूनमध्ये त्यांनी गिडी शिकागोला देऊन अ‍ॅलेक्स कॅरुसोला घेतलं, तेही एकही ड्राफ्ट हक्क न मागता किंवा न देता. नावाच्या वजनानं बघितलं तर गिडी २१ वर्षांचा, चढता खेळाडू, आणि कॅरुसो तिशीतला बचावपटू. पुढे त्यांनी रिबाउंडची (हुकलेल्या नेमाचा चेंडू पकडण्याची) जुनी उणीव भरायला आयझाया हार्टेनस्टाइनशी ३ वर्षांचा, ८.७ कोटी डॉलरचा करार केला.

२०२४-२५ मध्ये थंडरने ६८ सामने जिंकले, सामन्यामागे १२.९ गुणांच्या फरकाने. लीगच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा सरासरी गुणफरक. सुरुवातीला हार्टेनस्टाइनचा हात मोडलेला होता आणि नोव्हेंबरमध्ये चेट होल्मग्रेनच्या ओटीपोटाच्या हाडाला फ्रॅक्चर झालं. एक उंच खेळाडू परतला तेव्हा दुसरा बाहेर होता, दोघांतला एक असणंही पुरेसं ठरलं. आणि दुसऱ्या फेरीत डेन्वरविरुद्ध सातव्या सामन्यात प्रशिक्षक मार्क डेगनॉल्टने साडेसहा फुटांहूनही बुटक्या कॅरुसोला जवळपास सात फुटी निकोला योकिचवर सोडलं. कॅरुसो त्याच्या पुढे उभा राहून चेंडू पोचूच देत नव्हता, आणि मागे होल्मग्रेन किंवा हार्टेनस्टाइन उंच पासवर झडप घालायला तयार. सामना १२५-९३ असा सुटला. असा उपयोग कुठल्याही सरासरीच्या तक्त्यात दिसत नाही, पण तोच उन्हाळी सौद्याचा खरा परतावा होता.

बोस्टनचा २०२३ चा दुसरा सौदा याच जातीचा. मार्कस स्मार्टसारखा लाडका बचावपटू सोडून त्यांनी सात फूट दोन इंचांचा क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस आणला. तीन गुणांची रेषा बास्केटपासून २३ फूट ९ इंचांवर असते, आणि पोर्झिंगिस तिच्याही कितीतरी बाहेरून नेम धरतो. त्याला रोखायला समोरच्या सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला, बास्केट सोडून बाहेर यावंच लागतं, मग जेसन टेटम आणि जेलन ब्राउनला आत शिरायला वाट मोकळी. त्या मोसमात बोस्टनने सामन्यामागे ४२ हून अधिक वेळा तीन गुणांसाठी लांबून प्रयत्न केला आणि सरासरी गुणफरक साधारण साडेसहावरून अकराच्या वर नेला. पोर्झिंगिस प्लेऑफचे फक्त सात सामने खेळू शकला. त्याची जागा घेणारा अल हॉर्फर्डही लांबून नेम मारणारा सेंटरच होता, म्हणून खेळाची मांडणी मोडली नाही.

मग सगळेच असं का करत नाहीत? कारण पैसा. एनबीएत आयपीएलसारखा लिलाव नसतो. पगाराची मर्यादा असते, ती करार वाढवताना ओलांडता येते, पण त्यापुढे कर आणि निर्बंध लागतात. २०१६ मध्ये दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे ही मर्यादा ७ कोटींवरून एकदम ९.४ कोटी डॉलरवर गेली, आणि ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सला केविन ड्युरंट घेता आला. पुढच्या प्लेऑफमध्ये ते १६ सामने जिंकले आणि एकच हरले. आता ती वाट बंद आहे, मर्यादा वर्षाला फार तर १० टक्क्यांनी वाढते.

लीग आणि खेळाडू संघटनेतल्या २०२३ च्या करारनाम्याने आणखी एक कुंपण घातलं, दुसरं एप्रन, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची आणखी वरची रेषा. २०२४-२५ मध्ये पगाराची मर्यादा १४.०६ कोटी डॉलर होती आणि दुसरं एप्रन १८.८९ कोटींवर. ते ओलांडलं की दोन खेळाडूंचे पगार जोडून एक महाग खेळाडू आणता येत नाही, सौद्यात रोख रक्कम देता येत नाही, बाहेरचा माणूस फक्त किमान पगारावर घेता येतो, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्क गोठतो. फिनिक्स सन्स यात अडकले. ड्युरंट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील या तिघांचाच पगार १५ कोटी डॉलरच्या पुढे, म्हणजे अख्ख्या मर्यादेपेक्षा जास्त. उरलेली बरीचशी जागा किमान पगाराच्या खेळाडूंनी भरायची. बीलच्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही न पाठवण्याचं कलम होतं, त्यामुळे चूक दुरुस्तही करता येईना. पहिल्या वर्षी ते पहिल्याच फेरीत ०-४ हरले, दुसऱ्या वर्षी ३६ विजयांवर प्लेऑफबाहेर.

बोस्टनचा २०२५ चा उन्हाळाही याच हिशेबातून समजतो. मे महिन्यात टेटमच्या टाचेजवळचा अ‍ॅकिलीस स्नायुबंध तुटला, म्हणजे बरं व्हायला बरेच महिने. त्याच्याशिवाय तोडीच्या संघासमोर एका सामन्यातली शक्यता ६५ वरून ५० टक्क्यांवर आली असं धरलं, तर चषकाची संधी ४१ टक्क्यांवरून सोळात एकवर येते. तेवढ्यासाठी कोट्यवधींचा कर भरायचा आणि निर्बंधही सोसायचे, हे त्यांना परवडणारं नव्हतं. हॉलिडे परत पोर्टलंडला गेला, पोर्झिंगिस अटलांटाला, आणि बोस्टन दुसऱ्या एप्रनच्या खाली आलं.